तीन बोटं जागा

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांची मनातल्या मनात माफी मागतो आणि परभणीच्या फोरमनसाहेबांचं नाव घेतो. हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. एसटीच्या वर्कशॉपमधून ते फोरमन म्हणून निवृत्त झाले आणि गल्लीनं ते पद त्यांना जन्मभरासाठी देऊन टाकलं. पोस्टमनसुद्धा पत्रावरचं नाव न वाचता "फोरमनसाहेब" अशी हाक मारायचा. मी त्यांचा भाडेकरू होतो, म्हणून मी त्यांना काका म्हणे आणि त्यांच्या पत्नीला काकू.

मी झरीचा. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. बी. एस्सी.ला परभणीत प्रवेश मिळाला तेव्हा वडील माझी वळकटी खांद्यावर टाकून खोली शोधत माझ्यासोबत हिंडत होते. चार घरांनी नाही म्हटलं. पाचव्या घराच्या ओट्यावर एक जाडजूड गृहस्थ बनियनवर बसले होते. त्यांनी भाडं सांगितलं नाही, जात-गाव विचारलं नाही. बनियनच्या खिशातून घडी घातलेलं एक रंगीत चित्र काढलं आणि माझ्यापुढं धरलं. परदेशी मोटरसायकल होती, निळीशार.

"ही फटफटी आपल्याकडं मिळत न्हाई," ते म्हणाले. "कामून?"

मी बारावी सायन्स पास झालेलो. "सरकार येऊ देत नसेल," असं मी ठासून सांगितलं. त्या काळात कुठल्याही गोष्टीला हे उत्तर चालून जायचं.

"ते सातवं कारण हाय. आधीची सहा सांग."

मला एकही सांगता येईना. मग वडिलांनी वळकटी खाली ठेवली, चित्र हातात घेतलं, लांब धरून पाहिलं आणि म्हणाले, "हिचं चाक लय बारीक हाय, साहेब. आमच्या वाटंवर बैलगाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या अस्त्यात. हे चाक त्यात गेलं की बाहीर निघायचं न्हाई."

फोरमनसाहेब उठून उभे राहिले. "बराबर. एक झालं," ते म्हणाले, आणि आत वळून ओरडले, "आवं, चहा टाका. पोरगं ठिवून घ्यायलोय." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुला न्हाई कळलं. पण कळणाऱ्या घरातला हायेस."

त्या दिवशी वडील परत जाताना एसटीत चढेपर्यंत हसत होते. मला मात्र लाज वाटली होती. पुढं तीन वर्षं मी त्या खोलीत राहिलो, आणि ती लाज हळूहळू गेली.

त्यांच्याकडं पत्र्याची एक मोठी पेटी होती. स्टेशनाजवळच्या रद्दीवाल्याकडं त्यांनी सांगून ठेवलं होतं, परदेशी मासिक आलं की त्याच्या पुड्या बांधायच्या नाहीत. दर रविवारी ते स्वतः जाऊन ढिगात हात घालत. स्कूटर, मोटरसायकल, मोपेड, जे चित्र मिळेल ते कापून आणायचं, आणि त्याच्या पाठीमागं ती आपल्याकडं का येणार नाही ते लिहायचं. हे लिहिणं उर्दूत असे. निजामाच्या राज्यात त्यांचं शिक्षण उर्दूत झालेलं. मराठी ते वाचत, पण हात उर्दूतच चाले. घरात देवपूजा व्हायची, पोथी वाचली जायची, आणि काकांचा वाणसामानाचा कागद मात्र उजवीकडून डावीकडं जायचा. त्यामुळं चित्रामागचं कारण मला वाचता येत नसे, विचारावंच लागे. विचारलं की ते सांगत नसत. उलट मलाच विचारत. चित्राखालचं इंग्रजी मी मोठ्यानं वाचायचं, अर्थ लावायचा, आणि मग कारण शोधायचं. माझं इंग्रजी कॉलेजात झालं नाही, त्या पेटीत झालं.

"ही बघ. बटन दाबलं की चालू. किक न्हाईच."

"बॅटरी बसली तर ढकलावी लागेल, काका."

"आन ढकलायला कोन यील? तू?"

दुसरं एखादं चित्र. दणकट, उंच, इंजिन असं की पहिलवानाची छाती. "हिला अव्वल दर्जाचं पेट्रोल लागतं. आपल्याकडच्या पेट्रोलावर हिला खोकला लागंल." तिसरं चित्र एका सुबक छोट्या स्कूटरचं. तिच्यावर त्यांचा फार जीव होता. ते म्हणायचे, ही एकट्या माणसाची गाडी आहे, आणि आपल्याकडं एकटा माणूस कुठं असतो ते दाखवा. बायको असते, लेकरू असतं, लेकराच्या मांडीवर दळणाचा डबा असतो. सहा कारणं ते म्हणत खरे, पण ती सहा कधी ठरलेली नव्हती. कधी चार निघत, कधी अकरा. सरकार मात्र कायम सातवं.

काकूंचा ह्या सगळ्यात एक हुकमी वाटा होता. नवं चित्र आलं की काका ते घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहत. काकू भाकरी थापत असत.

"बसशील का हिच्यावर?"

काकू तव्यावरची नजर क्षणभर हलवत. "पाय कुठं ठिवू?"

एवढंच. काका चित्र उलटं करून एक ओळ लिहीत. परदेशी गाड्यांवर मागच्या माणसानं दोन्हीकडं पाय टाकून बसायचं असतं. नऊवारी नेसून एका बाजूनं बसणाऱ्या बाईसाठी तिथं काही नसतं. तीन वर्षांत एकही गाडी काकूंच्या परीक्षेला उतरली नाही.

आणि एवढं सगळं करणाऱ्या माणसाकडं स्वतःची फक्त एक सायकल होती. आषाढ लागला की ते तिची दोन्ही मडगार्डं काढून माळ्यावर टाकत आणि दिवाळीला पुन्हा बसवत. पावसाळाभर त्यांच्या पाठीवर चिखलाची एक उभी रेघ असे. गल्लीतली पोरं हसत. काकू सदरा धुताना बोलत, "शिकल्यालं मानूस, आन पाठ बघा म्हशीसारखी." काका म्हणत, "पाठ धुता येती. अडकल्यालं चाक खांद्यावर घ्यावं लागतं." आमची काळी माती ज्यांनी पाहिली नाही त्यांना हे पटणार नाही. ती ओली झाली की पायाला नुसती चिकटत नाही, थरावर थर चढते. चाकावर चढते, मडगार्डाखाली भरते, वरून वाटेतलं गवत ओढून घेते आणि आत घट्ट वीट करते. मग चाक फिरत नाही. "तीन बोटं जागा पायजे," काका सायकलच्या चाकावर हात ठेवून म्हणायचे. "टायर आन मडगार्डात तीन बोटं. माती आली तशी जाती."

सौदीहून परतलेल्या एका वेल्डरची गोष्ट सांगायलाच हवी. सगळे त्यांना भाईजान म्हणत. येताना त्यांनी एक लाल जपानी मोटरसायकल आणली, सगळे सोपस्कार करून, रीतसर. अशी गाडी अख्ख्या परभणीत नव्हती. पण महिनाभरात तिचं नाव खराब झालं. तिन्हीसांजेला पाथरीच्या रस्त्यानं येताना समोरून बैलगाडी आली की बैल हमखास बुजायचे. एक गाडी उलटली, कडबा रस्त्यावर. लोक म्हणू लागले, लाल रंग आहे म्हणून. कोणी म्हणालं, गाडीचा पायगुण वाईट. भाईजान रंग बदलायला निघाले होते.

"बैलां बिदक रे, साब," ते काकांच्या ओट्यावर येऊन म्हणाले. "मैं क्या करूं, बोलो?"

काकांनी त्यांना अंधार पडायच्या सुमाराला गाडी घेऊन बोलावलं आणि माझ्या खोलीच्या दारात, आतल्या भिंतीकडं तोंड करून उभी करायला सांगितली. दिव्याचा खालचा झोत लावला. भिंतीवर उजेड पडला तो सरळ पडेना. डावीकडं आडवा, आणि उजवीकडं वर चढत गेलेला. काकांनी चुलीतला कोळसा आणून त्या उजेडाच्या कडेनं भिंतीवर रेघ मारली.

"सौदीत कोनत्या अंगानं चालायचात?"

"सीधे हाथ से, साब."

"मंग तिकडं हे वरचं टोक रस्त्याच्या कडंला पडायचं, मानसं-खड्डे दिसावेत म्हनून. आपुन डाव्या अंगानं चालतो. इकडं ते पडतंय बैलाच्या डोळ्यात. गाडी वाईट न्हाई, भाईजान. गाडी दुसऱ्या देशाची हाय."

भाईजाननी काचेच्या तेवढ्या भागावर काळा कागद चिकटवला आणि बैल बुजायचे थांबले. ती कोळशाची रेघ काकूंनी तीनदा चुना देऊनही पुरती गेली नाही. माझ्या पलंगाच्या वर ती होती. सकाळी डोळे उघडले की पहिली तीच दिसायची, आणि वाटायचं, कुठलीही गोष्ट वाईट म्हणण्याआधी ती कुठल्या रस्त्यासाठी केली आहे ते विचारावं. ती नामांतराची वर्षं होती. माझ्या पदवीच्या कागदावर विद्यापीठाचं जुनं नाव आहे. बंद असला, एसटी थांबली, गल्लीत लोक मोठ्या आवाजात बोलू लागले की काका चौकात जाऊन उभे राहत. कोणी कोणाला वाईट म्हटलं की एकच शब्द विचारत, "कामून?" पुष्कळदा समोरचा माणूस सातव्या कारणापासून सुरुवात करायचा.

नोकरीची जाहिरातही त्यांनीच कापून ठेवली होती. पुण्याकडच्या एका दुचाकी कारखान्याला चाचणी विभागात नोंदी ठेवणारा मदतनीस हवा होता. मला ती जागा एक वर्षाच्या बोलीवर मिळाली. वर्ष बरं गेलं तर कायम, नाही तर घरी. त्या पगारावर मी धाकट्या बहिणीला परभणीत, काकांच्याच त्या खोलीत, शिकायला ठेवलं होतं. मी घरी आलो असतो तर तीही झरीला परत गेली असती. तिच्या लग्नाची वडिलांना मुळीच घाई नव्हती, पण स्थळं बघणाऱ्या मावशांना होती.

वर्ष संपायला दीड महिना राहिला होता. कंपनीनं एक जपानी गाडी, तिकडच्या चार देशांत नाव कमावलेली, जशीच्या तशी आपल्याकडं आणायचं ठरवलं. जपानहून एक वयस्कर इंजिनिअर आले होते. बैठक झाली. मी कोपऱ्यात नोंदी लिहीत होतो. शेवटी विभागप्रमुखांनी रिवाज म्हणून विचारलं, "कोणाला काही सुचवायचंय?"

गाडी समोरच उभी होती. पुढच्या मडगार्डाखाली बोट जेमतेम गेलं असतं. मी हात वर केला.

"साहेब, ही आमच्याकडं चालणार नाही. टायर आणि मडगार्डात तीन बोटं जागा लागते."

लोक हसले. विभागप्रमुख हसले नाहीत, पण म्हणाले, "बोटं म्हणजे किती मिलिमीटर?"

मी टेबलाखाली पट्टीवर माझी तीन बोटं ठेवली. "पंचेचाळीस," मी म्हणालो. हा आकडा मी इतक्या विश्वासानं सांगितला की आजही आठवलं की कान गरम होतात.

जपानी पाहुण्यांनी सगळं समजावून घेतलं. त्यांना ही माती बघायची होती. एका गाडीचं मडगार्ड तेवढं उचलून घ्यावं, एक मूळची ठेवावी, आणि दोन्ही झरीला नेऊन चालवाव्यात असं ठरलं. बाहेर आल्यावर विभागप्रमुखांनी मला थांबवलं. माणूस सज्जन होता, पण स्पष्ट. "टेम्पो, दोन गाड्या, पाच माणसं एवढ्या लांब न्यायची. तुमची मुदत संपत आलीय. तिथं काही निष्पन्न झालं नाही तर तुमचा कागद मला वर पाठवता येणार नाही. समजलं ना?"

मला समजलं. मी काकांना पत्र टाकलं.

भादव्यात आम्ही झरीला पोचलो. तीन दिवस पाऊस लागून राहिला होता आणि आता उघडीप होती. आमच्या शेताची वाट निवडली. काका परभणीहून आले होते, काकूंना आणि ज्वारीच्या एका पोत्याला घेऊन. विभागप्रमुखांनी विचारलं, पोतं कशाला? काका म्हणाले, "साहेब, तुमी गाडीवर एक सडा मानूस बसवून बघता. आमच्याकडं गाडीवर घर बसतं."

वडील बांधावर बैलजोडी घेऊन उभे होते. "कंपनीची गाडी बैलानं वढून काढायची, हे मी पैल्यांदाच बघायलोय," ते शेजाऱ्याला म्हणाले.

आधी मूळची गाडी निघाली. आमचा चालक, मागं काकू एका बाजूनं, मध्ये पोतं. दोन शेतं ओलांडायच्या आत पुढचं चाक बांधल्यासारखं थांबलं. मडगार्डाखाली चिखलाची वीट झाली होती. बैलांनी गाडी बाहेर ओढली. जपानी पाहुण्यांनी ती माती हातात घेतली, बोटांत चोळली, आणि मान हलवली. माझी छाती फुगली.

मग माझ्या मापाची गाडी निघाली. दोन शेतं गेली. ओढ्याचं वळण गेलं. मी मोजत होतो. आणि चढावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तिचंही चाक बसलं. काकू शांतपणे खाली उतरल्या आणि चिखलातून चालत परत आल्या.

विभागप्रमुख रुमालानं चष्मा पुसत म्हणाले, "चिखल म्हटल्यावर कुठलीही गाडी अडकणारच. त्यासाठी डिझाइन बदलायची गरज मला दिसत नाही." मला बहिणीची वह्या-पुस्तकं दिसू लागली.

काका चढावरच्या गाडीपाशी गेले. काठीनं मडगार्डाखालची वीट उकरून काढली, आणि त्या जागेत स्वतःची बोटं घालून पाहिली. एसटीच्या पान्यांवर आयुष्य गेलेली ती बोटं. दोन गेली. तिसरं अडलं.

त्यांनी मला जवळ बोलावलं. "ही तीन बोटं कुनाची धरलीस?"

"माझी, काका."

"दाखीव हात." मी दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "ही लिवनाराची बोटं हायेत, बाबा. ह्या बोटांत पेन बसतो, गारा न्हाई बसत."

मला वाटलं आता ते सगळ्यांसमोर माझी चूक सांगतील. सांगायलाच हवी होती. ते विभागप्रमुखांकडं गेले आणि म्हणाले, "साहेब, चूक माझी हाय. तीन बोटं हे माप मी दिलं, कुनाची बोटं ते सांगितलंच न्हाई. पोरगं काय करनार? उद्या दुपारपस्तोर थांबा. न्हाई जमलं तर तुमच्या गाड्या न्या आन आमाला इसरून जा."

जपानी पाहुण्यांना इंग्रजीत सांगावं लागलं. त्यांनी काकांच्या हाताकडं पाहिलं, माझ्या हाताकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसले. आम्ही थांबलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी परभणीत भाईजानच्या दुकानापुढं गल्ली जमली होती. मडगार्ड धरणाऱ्या पट्ट्या कापून लांब करायच्या होत्या. मोजायला पट्टी नाही, टेप नाही. काकांनी टायरवर हात ठेवला, तीन बोटं, आणि भाईजाननी मडगार्ड त्या बोटांवर टेकवून खुणा केल्या.

"हाथ निकालो, साब, झालना है." भाईजाननी वेल्डिंगची कांडी उचलली.

"बराबर बसलं का?"

"आपका हाथ है, साब. बराबर कैसे नै बैठेंगा?"

दुपारी आम्ही पुन्हा त्याच वाटेवर. वडिलांनी पुन्हा बैल जुंपून आणले होते. काल बरे उपयोगी पडले, आजही पडतील, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. काकूंनी गाडीवर बसण्याआधी विभागप्रमुखांना सांगितलं, "लुगडं नवं हाय. फाटलं तर कंपनीनं द्यावं."

गाडी निघाली. चिखल चाकावर चढत होता, मडगार्डाखालून गोळ्यांनी मागं उडत होता, चालकाच्या पायांवर, काकूंच्या लुगड्यावर, पोत्यावर. माती आली तशी जात होती. दोन शेतं, ओढा, मग तो चढ. चढावर गाडी डुलली, चालकानं एक पाय टेकवला, आणि ती वर गेली. वर जाऊन आमच्या गोठ्याला वळसा घालून परत आली. आमच्यापाशी थांबली तेव्हा इंजिन मांजरासारखं गुरगुरत होतं आणि काकू मानेपर्यंत काळ्या झाल्या होत्या.

मी वडिलांकडं पाहिलं. ते बैलांच्या मानेवरचं जू उतरवत होते.

विभागप्रमुखांनी काकांचा हात हातात घेतला. मग काकूंना विचारलं, "काय, कशी आहे गाडी?"

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "गाडी चांगली हाय," त्या म्हणाल्या. "पन पाय कुठं ठिवू? सगळ्या वाटंनं लोंबकळत होता."

मी ते भाषांतर करून सांगितलं. जपानी पाहुण्यांनी वही काढली आणि लिहून घेतलं. मग वहीतलं एक कोरं पान काढून त्यांनी गाडीच्या सीटवर ठेवलं, काकांचा उजवा हात त्यावर ठेवायला लावला आणि पेन्सिलीनं बोटांच्या कडेनं रेघ मारली. बायका मुलाच्या पायाचं माप घेतात तशी, हळूहळू. पूर्ण झाल्यावर त्यांनी खाली बोट दाखवलं, सही करा. काकांनी सही केली, उजवीकडून डावीकडं. जपानी पाहुण्यांनी ती बराच वेळ पाहिली आणि मला विचारलं, ही तुमच्या भाषेची लिपी का? मी काकांना ते सांगितलं. ते म्हणाले, "सांग त्यांना, ही आमच्या वर्कशॉपाची लिपी हाय."

त्यानंतर पाच महिन्यांनी मी काकांना जे पत्र पाठवलं त्याची नक्कल माझ्याकडं आहे. त्यांच्या पेटीत अस्सल असेल.

तीर्थरूप काका यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मला कायम केल्याचा कागद मागेच हातात आला, ते बहिणीनं तुम्हाला सांगितलंच असेल. आज लिहायचं कारण वेगळं आहे. गाडी बाजारात निघाली. परभणीलाही येईल. पुढचं मडगार्ड तुमच्या मापाचं आहे, आणि डाव्या बाजूला मागच्या माणसासाठी पाय ठेवायची पट्टी आहे. काकूंना सांगा, त्यांच्या हाताखालून गेलेल्यांत पास झालेली ही पहिलीच गाडी असं मी समजतो. लुगडं फाटलं नव्हतं, तरी विभागप्रमुखांनी एक पाठवलं आहे. सोबतच्या पार्सलात आहे.

ड्रॉइंगवर माप मिलिमीटरमध्ये आहे. अठ्ठावन्न. नवीन मुलं विचारतात, हा आकडा कुठून आला? मग मी त्यांना फाइल उघडून दाखवतो. तिच्यात तुमचा हात आहे. खालची सही कोणाला वाचता येत नाही. मी ती वाचून दाखवतो. त्या पेटीपाशी बसून मला तेवढी चार अक्षरं ओळखता यायला लागली होती, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमचं खरं नाव मी त्या सहीतच पहिल्यांदा वाचलं.

आता मुख्य गोष्ट. जपानी पाहुण्यांचं पत्र आलं आहे. त्यांचे थोरले भाऊ त्यांच्या गावी भातशेती करतात. त्यांनी आपल्या गाडीचं चित्र पाहिलं, मडगार्डातली जागा पाहिली, आणि धाकट्या भावाला विचारलं की ही आमच्याकडं का मिळत नाही? पाहुण्यांनी उत्तर दिलं, कंपनी विकत नाही. पण त्यांनाच ते उत्तर पुरेसं वाटलं नाही, म्हणून त्यांनी मला विचारलं आहे.

मी त्यांना एवढंच कळवलं आहे की ते सातवं कारण झालं. आधीची सहा परभणीला विचारून कळवतो.

तरी कृपा करून उलट टपालानं लिहावं. उर्दूत लिहिलंत तरी चालेल.

तुमचा भाडेकरू